अद्भुतरम्य लघुपटाचा प्रेक्षक आधी ठरवा

आपल्या लघुपटाचा प्रेक्षक ‘सर्व वयोगट’ असा मांडू नका. शाळकरी मुले की झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातले, नाटक रात्रभर पाहणारे गावकरी, हे पटकथेआधीच ठरवा, कारण राक्षसाच्या रूपापासून त्याच्या बोलीपर्यंत सारे त्यावरच अवलंबून असते. दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडे गावोगावी मंडई (जत्रा) भरते आणि गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या नाटक मंडळ्यांचा हंगाम सुरू होतो. झलक व्हॉट्सॲपवर तेव्हाच सोडावी, रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत तिच्याकडे कोण पाहणार? संपूर्ण लघुपट लगेच यूट्यूबवर टाकण्याचा मोह मात्र आवरा, कारण काही महोत्सव आधी ऑनलाइन प्रदर्शित झालेली कृती स्वीकारत नाहीत. चित्रपटगृहातील प्रदर्शनासाठी सेन्सॉर प्रमाणपत्र लागते. दुसऱ्याचे संगीत वापरले असल्यास त्याची लेखी परवानगी (विद्यार्थी हमखास विसरतात ती हीच) कुठेही दाखवण्याआधी घ्यावी.