वाचक विचारतात : लिथुआनियाची 'सेइमिक' आणि आपली गोतसभा

प्रश्न : सोळाव्या-सतराव्या शतकांत लिथुआनियात उमरावांच्या स्थानिक सभा भरत, असे वाचनात आले. त्या आपल्याकडच्या गोतसभेसारख्याच होत्या काय? आणि बडी घराणी त्यांच्यासाठी एवढी का झगडत? – एक वाचक, वाई (जि. सातारा)

उत्तर : साम्य वरवरचे आहे. आपली गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची व वतनदारांची सभा, वतनाचा तंटा ऐकून निवाडा देई, आणि महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, देशमुखांच्या शिक्क्याबरोबर पाटलाच्या निशाणीचा नांगरही उमटे. सेइमिकमध्ये, म्हणजे लिथुआनियातल्या त्या स्थानिक सभेत, मात्र कुणब्याला किंवा उदम्याला जागा नव्हती. तिथे बसत ते फक्त उमराव, मग एखाद्याची शेती चार बिघ्यांची का असेना.

शिवाय सेइमिक निवाडा देत नसे, निवाडा देणारे निवडत असे, आणि भांडणाचे मूळ इथेच आहे. १५६४ ते १५६६ च्या सुधारणांनी राज्याचे परगणे पाडले गेले; प्रत्येक परगण्याची सभा मध्यवर्ती सभेवर, म्हणजे सेइमवर, दोन प्रतिनिधी धाडी आणि परगण्याच्या न्यायालयातील प्रत्येक जागेसाठी चार नावे सुचवी, त्यांतले एक राजा नेमी. १५८१ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालय स्थापन झाले, तेव्हा त्याचे न्यायाधीशही दरवर्षी याच सभांतून निवडले जाऊ लागले. ज्याची जमीन कोसच्या कोस पसरली आहे आणि हद्दीचे दावे कधी संपत नाहीत, त्या घराण्याला न्यायाधीश आपला असणे केवढ्या मोलाचे होते, हे वतनाच्या कज्ज्यांची कागदपत्रे चाळणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून रादझिविल, पात्स, सापिएहा ही घराणी सभेच्या दिवशी आपल्या आश्रित गरीब उमरावांना जमवून आणीत आणि त्यांच्या खाण्यापिण्याची चंगळ करीत. (आपल्याकडच्या जेवणावळी आठवल्या, तर तो वाचकाचा दोष नव्हे.) सभा बहुधा चर्चमध्ये भरे, पण कमरेची तलवार बाहेर ठेवली जात नसे.

१६५२ मध्ये उपिते परगण्याचा प्रतिनिधी शिचिंस्की याने एकट्याच्या हरकतीने सेइमचे कामकाज मोडले. तो यानुश रादझिविल याचा आश्रित मानला जाई. पुढे सापिएहांची मुजोरी इतकी वाढली की, बाकीच्या उमरावांनी फौज उभारून नोव्हेंबर १७०० मध्ये वाल्किनिंकाइजवळ त्यांचा पाडाव केला. आश्रितांच्या मतांचा हा बाजार आवरण्यासाठी १७९१ च्या कायद्याने भूमिहीन उमरावांचा मताधिकारच काढून घेतला.