२९ डिग्रीत बर्फ? होतो, आणि कोकणात तर हमखास होतो

तुमची पोस्ट वाचताना आपलीच कुंडली वाचतोय असं वाटलं. सेसना १५२ हे दोन सीटचं छोटं विमान, विजयदुर्गच्या आसपास, पाऊस नुकताच संपलेला, सकाळची वेळ, पॉवर काढून सावकाश खाली येताय, थ्रॉटलला हात नाही तरी आरपीएम २३०० वरून घसरत २००० च्या खाली, मग थरथर, आणि लँड झाल्यावर इंजिन ठणठणीत. आणि कार्ब्युरेटरमध्ये (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) बर्फ धरला असेल का असं तुम्ही विचारलं, तर सगळे हसतात की २९ डिग्रीत कुठला बर्फ. हसू देत.

व्हेंच्युरी (कार्ब्युरेटरचा अरुंद गळा) वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो. लग्नाच्या मांडवात मोठ्या शेगडीला लावलेला सिलिंडर बाहेरून घामेजतो आणि कधी खालून पांढरा पडतो ना, तेच पेट्रोलची वाफ होताना कार्ब्युरेटरच्या आत चालू असतं. आतलं तापमान तीस-पस्तीस अंशांनी सुद्धा उतरू शकतं. पायलटच्या पुस्तकात २१ डिग्रीच्या खाली आणि ८० टक्क्यांवर दमटपणा असला की सगळ्यात जास्त धोका असं असतं, ते वाचून आपण निवांत राहतो, पण त्याच पुस्तकात पुढे ३८ डिग्री आणि ५० टक्के दमटपणातही होऊ शकतं असं लिहिलंय, ते कोणी वाचत नाही. आणि आपल्याकडे ५० टक्के म्हणजे कोरडा दिवस हो!

आता माझा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा जिथे गेला ते. मी स्नॅग (बिघाडाची नोंद) टाकला, विमान घाटावरच्या एका वर्कशॉपला गेलं (नाव घेत नाही, उगाच वाद नको). त्यांनी काय केलं, तर भर दुपारी कोरड्या हवेत इंजिन लावलं, मस्त चाललं, "ग्राउंड रन सॅटिस्फॅक्टरी" लिहून परत. पुन्हा तक्रार केली तर प्लग बदलले, मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारा भाग) काढून बघितला, टाकीत पाणी आहे का बघितलं, प्रत्येक वेळी नवीन बिल, आणि ऑफिसातले साहेब मलाच विचारतात, तुम्हाला मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) नीट जमतं ना? अहो, बर्फ वितळून गेल्यावर पुरावा कुठून आणू? शेवटी दुसऱ्या एका म्हाताऱ्या एएमईने (विमान देखभालीचा इंजिनिअर) रनअपला, म्हणजे उड्डाणाआधी जमिनीवर इंजिन तपासताना, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) ओढायला सांगितली. आरपीएम जेमतेम हलला. साधारण शंभराच्या आसपास पडायला हवा होता. काउल (इंजिनावरचं झाकण) काढलं तर एक्झॉस्टच्या श्राउडवरून (भोवतीच्या आवरणातून) येणारा स्कॅट होज, म्हणजे गरम हवेची लवचिक नळी, एका टोकाला फाटून लोंबत होता, म्हणजे गरम हवा कार्ब्युरेटरपर्यंत पोचतच नव्हती. एवढुसा होज, आणि बिलं कशाकशाची!

म्हणून माझं स्पष्ट मत, "नो फॉल्ट फाउंड" हे उत्तर घेऊन घरी जाऊ नका. कार्ब हीटने आरपीएम किती पडला तो आकडा लिहून मागा.

हवेत असताना आरपीएम आपोआप उतरायला लागला की लगेच फुल हीट, अर्धवट नाही. आधी आरपीएम अजून पडेल, इंजिन खोकेल, थुंकेल, वितळलेलं पाणी आत जातं म्हणून, आणि नेमकं तेव्हाच घाबरून लोक नॉब परत आत ढकलतात. ढकलू नका. अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त लागतं, मग आरपीएम चढतो. आणि उशीर करू नका, ती गरमी एक्झॉस्टचीच असते, इंजिन बंद पडत गेलं की तीही गेली.

जाता जाता, टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, हीट ओढून ठेवू नका, ती हवा फिल्टरमधून येत नाही आणि आपल्या तांबड्या मातीची धूळ सरळ इंजिनात जाते. गो-अराउंडला (उतरणं सोडून पुन्हा वर जाताना) पॉवर दिल्यावर हीट आत.

मी इंजिनिअर नाही, तुमच्या विमानाचं हँडबुक आणि तुमचा इन्स्ट्रक्टर सांगेल ते अंतिम, होज माझा फाटला म्हणून तुमचाही फाटला असेल असं नाही. पण काउल उघडून कोणाला तरी नॉब ओढायला लावा आणि एअरबॉक्समधला फ्लॅप (गार की गरम हवा आत सोडायची ते ठरवणारी झडप) पूर्ण फिरतोय का ते स्वतः बघा. त्या दिवशीचा ड्यू पॉइंट (दवबिंदू) आणि रनअपला हीटने पडलेला आरपीएम इथे टाका, मग पुढचं बोलू.