पहिल्या सर्वेक्षणाआधी एवढं बघ

मानसशास्त्राच्या सर्वेक्षणाला विषय झकास निवडलायस. सुरुवातीला दोनच गोष्टी धर, आकडेमोड नंतर.

पहिली, माणसं कोण? 2010 मध्ये जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मानसशास्त्रातले बहुतेक प्रयोग पाश्चात्त्यांवर, त्यातही कॉलेजच्या पोरांवर झालेत. सांगलीत आपण तेच करतो: वर्गातली मुलं पकडायची आणि ‘भारतीय मन’ लिहून मोकळं व्हायचं! तासगावात द्राक्षछाटणीला आलेल्या बाया, मार्केट यार्डातले हमाल यांनाही विचार.

दुसरी, विचारतोस कुणासमोर? सासू शेजारी बसलेली असताना सून ‘निर्णय मीच घेते’ कशाला म्हणेल? तेवढ्यावरून तिला परावलंबी ठरवू नकोस.

आयती परदेशी प्रश्नावली आधी पाच-सहा जणांना तोंडी विचार, कुठे अडखळतात ते टिपून ठेव. मार्गदर्शक घाई करतील, करू देत.