पेशव्यांची सनद घरात आहे. आज सरकार ती मानेल का?

प्रश्न थोडक्यात असा: नगर जिल्ह्यातल्या कुटुंबाकडे थोरल्या माधवरावांच्या शिक्क्याची 1765 ची इनाम सनद आहे. जमीन इंग्रजी अमलात खालसा, म्हणजे सरकारजमा झाली. त्या सनदेवर आज दावा लावता येईल का?

नाही. वकिलाचे पैसे वाचवा. पण जमीन गेली कशी ते समजून घ्या, कारण त्यात तुमच्या पूर्वजांची चूक नसावी.

मी मोडी कागद वाचून देतो. सनद घेऊन येणाऱ्या बहुतेकांना एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकायची असते: ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप सहित’. म्हणजे जमिनीत पुरलेलं धनसुद्धा इनामदाराचं. पुढे ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें’. इतकं लिहून दिलेलं असताना जमीन जातेच कशी, हा सवाल रास्त आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या एल्फिन्स्टननं 11 फेब्रुवारी 1818 ला साताऱ्यात जाहीरनामा काढला: वतनं, इनामं, वर्षासनं, देवस्थानांचे हक्क, सगळं चालू राहील. बाजीराव तेव्हा अजून हाती लागला नव्हता, लोकांनी त्याची साथ सोडायला हवी होती. काम झाल्यावर हळूहळू भाषा बदलली. इनाम चालवू, पण ते खरं आहे हे तुम्ही सिद्ध करा. 1843 मध्ये धारवाड-बेळगावकडे चौकशी सुरू झाली आणि 1852 च्या 11 व्या कायद्यानं इनाम कमिशनला पूर्ण अधिकार मिळाले.

कमिशनच्या हातात पुण्याचं पेशवे दफ्तर होतं. तुमची सनद घ्यायची, त्या वर्षाच्या रोजकीर्दीशी, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वहीशी, ताडून बघायची. बनावट सनदा फिरत होत्या, हे खोटं नाही. पण दफ्तर सरकारच्या ताब्यात आणि पुराव्याचा बोजा इनामदारावर, असा तो मामला. कागदावर भागलं नाही की वहिवाट मोजत. इंग्रजी अमलाआधी 60 वर्षं अखंड भोगवटा असेल आणि अंमल आला तेव्हा जमीन मूळ इनामदाराच्या नातवाकडे किंवा त्याच्या वंशजाकडे असेल, तर पुरुष वारस आहे तोवर इनाम चालू. 40 वर्षं असतील आणि मुलाच्या किंवा त्याच्या वंशजाच्या ताब्यात असेल, तर आणखी एक पिढी, मग खालसा.

आता तुमचा हिशेब करा. 1765 ते 1818, वर्षं भरतात 53. साठात बसत नाही, चाळिसात बसतं. माझा अंदाज, तुमचं इनाम एक पिढी चाललं आणि नियमानं गेलं. दिवाणी कोर्टात जायची सोय नव्हती; अपील करायचं तर त्याच सरकारकडे, ज्याच्या तिजोरीत सारा जमा होणार.

राजांची गत वेगळी नव्हती. साताऱ्याच्या प्रतापसिंहांशी 1819 मध्ये तह झाला, 1839 मध्ये त्यांना गादीवरून काढलं. त्यांचे वकील रंगो बापूजी तहाचे कागद घेऊन कित्येक वर्षं लंडनमध्ये दारं ठोठावत राहिले. तंजावरच्या भोसल्यांची खासगी मालमत्तासुद्धा कंपनीनं जप्त केली. राणी कामाक्षीबाईंचा दावा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे लंडनमधल्या शेवटच्या अपिली कोर्टापर्यंत गेला आणि 1859 मध्ये उत्तर मिळालं, की ही राज्यसत्तेची कृती आहे, कोर्टाला यात पडता येत नाही. हे तत्त्व इंग्रजांबरोबर गेलं नाही, बरं का. आपल्या घटनेचं कलम 363 वाचा: संस्थानिकांनी सरकारशी केलेले तह, करार आणि सनदा यांवरचे वाद तिथेही कोर्टाबाहेरच ठेवलेत.

सत्तावनच्या धसक्यानंतर सरकार नरमलं. 1863 च्या कायद्यांनी, थोडी ठरीव रक्कम भरा आणि चौकशीतून सुटा, अशी तडजोड आली. ज्यांनी ती घेतली त्यांना इंग्रज सरकारची सनद मिळाली. पुढे स्वतंत्र भारतात मुंबई राज्यानं कुलकर्णी वतनं 1951 पासून आणि व्यक्तिगत इनामं 1 ऑगस्ट 1953 पासून रद्द केली. त्यामुळे तुमची जमीन तेव्हा वाचली असती, तरी ‘इनाम’ म्हणून आज उरली नसती. फार तर साऱ्याची नेहमीची जमीन म्हणून राहिली असती.

अपवाद देवस्थान इनामाचा, म्हणजे सातबारावरचा वर्ग 3. तो व्यक्तिगत इनामांच्या कायद्यातून वगळला होता. म्हणून तुमची सनद कोणाला दिली आहे ते आधी नीट वाचून घ्या. भटजींना स्वतःला दिली असेल तर विषय संपला. देवाच्या पूजा-नैवेद्यासाठी असेल तर जमीन देवाची. 2021 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की पुजारी मालक नव्हे. म्हणजे तिथेही तुमच्या नावावर काही होणार नाही, पण कोणी ती परस्पर विकली असेल तर तक्रार करायला जागा आहे.

तहसील कार्यालयात गाव नमुना 3, म्हणजे दुमाला (इनाम दिलेल्या) जमिनींची नोंदवही, आणि कडईपत्रक हा जुना महसुली कागद, यांच्या नकला मागा. गट नंबर माहीत नसेल तर जुना सर्व्हे नंबर लागेल. सनद मात्र लॅमिनेट करू नका. पुण्याच्या पुराभिलेखागारात 1765 ची रोजकीर्द बघायचा अर्ज करणार असाल, तर सनदेवरची सुहूर सनातली (पेशवाईतल्या कागदांवरच्या अरबी कालगणनेतली) तारीख आधी इंग्रजी तारखेशी लावून घ्या. ती कोणीही मोडी जाणणारा लावून देईल.