'शाखा' की 'फ्रँचायझी'?

कोल्हापुरातल्या एका बी.कॉम.च्या विद्यार्थ्याने विचारलंय: 'हंग्री जॅक्स ही बर्गर किंगची ऑस्ट्रेलियातील शाखा आहे' हे वाक्य प्रकल्पात चालेल का? (बर्गर किंग ही बर्गरच्या दुकानांची अमेरिकी साखळी.)

नाही चालणार. शाखा म्हटलं की मालक एकच. बँकेची राजारामपुरीची शाखा असो की शाहूपुरीची, नफा-तोटा शेवटी एकाच ताळेबंदात जातो. खाण्याच्या दुकानांवर 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी असते, तीही हेच बजावते: या नावाने दुसरीकडे कुणी विकत असेल, तर तो आमचा नव्हे.

फ्रँचायझीत दुकान, भांडवल, नोकर हे सगळं हक्क घेणाऱ्याचं. नाव, पाककृती, कामाची पद्धत देणाऱ्याची. त्याबद्दल विक्रीवर ठरलेला टक्का द्यायचा. हंग्री जॅक्सचे संस्थापक जॅक कॉविन यांनी बर्गर किंगकडून असाच हक्क घेतला आणि 1971 साली पर्थमध्ये पहिलं दुकान उघडलं. पण 'बर्गर किंग' हे नाव अ‍ॅडलेडच्या एका दुकानाने आधीच नोंदवलेलं! मग बर्गर किंगची तेव्हाची मालक पिल्सबरी हिच्या पॅनकेकच्या तयार पिठाचं 'हंग्री जॅक' हे नाव थोडं बदलून घेतलं.

पुढे 1990च्या दशकात बर्गर किंगने त्याच देशात स्वतःच्या नावाने दुकानं सुरू केली. करारानुसार कॉविन यांनी दरवर्षी चार नवी दुकानं उघडायची होती. बर्गर किंग कंपनीने त्या दुकानांच्या मंजुऱ्या रोखल्या आणि वर कॉविन यांनी अट मोडली म्हणून करार संपवायला निघाली. न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने 2001 साली कंपनी सचोटीने वागली नाही असं ठरवलं आणि हंग्री जॅक्सला सुमारे 4 कोटी 69 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई मिळाली. शाखा असती तर हा दावा उभाच राहिला नसता. मुख्य कार्यालयावर शाखा फिर्याद करत नाही.

फ्रँचायझीला मराठीत काय म्हणावं? 'मक्ता' हा अरबीतून आलेला शब्द मला फार आवडतो. पैसे भरून, मुदतीपुरता घेतलेला हक्क, हा अर्थ त्यात आहेच. पण 'मक्तेदारी'मुळे 'दुसऱ्याला मज्जाव' ही छटा त्याला चिकटली आहे, आणि फ्रँचायझीत तसा मज्जाव असतोच असं नाही. म्हणून बाजारात रुळलेला 'फ्रँचायझी' हाच शब्द ठेवा. तो हक्कासाठी वापरा, हक्क घेणाऱ्यासाठी 'फ्रँचायझीधारक'. वाक्य असं करा: 'हंग्री जॅक्स ही बर्गर किंगची ऑस्ट्रेलियातील फ्रँचायझीधारक कंपनी आहे.'