‘होणारच’मधला ‘च’

दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत या वर्षी हा प्रश्न इतक्या वेळा आला की मी मोजणं सोडून दिलं : “आईचा खुबा मोडला, आजी पाठीतून वाकली होती. म्हणजे मलाही होणारच ना?” विचारणाऱ्या बहुतेक पन्नाशीच्या आसपासच्या बायका. पुरुष विचारत नाहीत. हाडं ठिसूळ होणं ही बायकांची भानगड, असा त्यांचा समज. तो चुकीचा आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

त्यातल्या एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. वय ५१, पाळी जाऊन दीड वर्ष झालेलं, नोकरी लोअर परळला, घर घाटकोपरला सोळाव्या मजल्यावर. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे १.६ आला होता. उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, मधला पट्टा ऑस्टिओपेनियाचा, म्हणजे घनता थोडी कमी असण्याचा, हे डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. आत्ता औषध नको, दोन वर्षांनी पुन्हा बघू, हेही सांगितलं होतं. बाईंच्या डोक्यात मात्र “हाडं कमी झालीत” एवढंच राहिलं. आधी जिने सुटले, मग सकाळचं फिरणं सुटलं. शेवटी नववीतल्या लेकीचा मल्लखांब बंद झाला.

“तिची हाडंही आमच्याच घरातली ना, मॅडम.”

मी विवेकनिष्ठ पठडीतली, म्हणजे माणसाच्या त्रासामागचा हट्टी, अविवेकी विचार शोधून त्याला प्रश्न विचारणारी; ही पठडी घालणाऱ्या अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाला मानणारी. बावीस वर्षांच्या सवयीने माझा कान आधी ‘च’ पकडतो. मराठीने आमच्या कामाची मोठीच सोय करून ठेवली आहे; माणूस कुठे अडलाय ते एका अक्षरात कळतं.

“होऊ शकतं, की होणारच?”

“होणारच. ८० टक्के आनुवंशिक असतं, मी वाचलंय.”

हा आकडा मला प्रत्येकीकडून ऐकायला मिळतो. आकडा खोटा नाही, त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. माणसामाणसांच्या हाडांच्या घनतेत जो फरक दिसतो, त्यातला साधारण ५० ते ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा मानतात. तुमचं हाड मोडण्याची शक्यता ८० टक्के, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. शिवाय एखादं जनुक आलं आणि काम झालं, असंही नसतं. पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा हात असतो. तरी घराण्याचा इतिहास उडवून लावायचा नाही. शेफिल्ड विद्यापीठातून २००८ मध्ये आलेल्या ‘फ्रॅक्स’ या हाड मोडण्याचा धोका काढणाऱ्या मोजणीत आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, असा थेट प्रश्न आहे. आई *किंवा वडील*. बाबांकडचं कुणी विचारतच नाही.

बाईंनी हे सगळं ऐकलं, मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात तोच ‘च’ घेऊन परत आल्या. तीनदा असं झालं. चौथ्या वेळी मी म्हटलं, “आईंना घेऊन या.”

७६ वर्षांच्या आजी, म्हणजे बाईंच्या आई, वॉकर टेकत आल्या. टेबलावर मोठा कागद पसरून आम्ही घराण्याची वेल काढायला बसलो : कोण, कधी पडलं, तेव्हा आयुष्यात काय चाललं होतं. वाकलेल्या पणजीला, म्हणजे बाईंच्या आजीला, दमा होता, त्यावर वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या. आजींचं स्वतःचं एकोणचाळिसाव्या वर्षी ऑपरेशन झालेलं. “गर्भपिशवी, अंडाशय, सगळंच काढलं,” त्या सहज म्हणाल्या. बाईंना यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं. स्टिरॉइड आणि इतक्या लवकर गेलेली पाळी, दोन्ही हाडांना पोखरतात, आणि यातलं काहीच रक्तातून आलेलं नव्हतं.

मग मी विचारलं, “दूध घ्यायचात का?”

आजी हसल्या. “उरायचंच नाही हो.” त्यांनी हातानेच करून दाखवलं : रिकामं पातेलं तिरकं धरायचं, घोटभर पाणी घालायचं, बोटाने कडेची साय सोडवायची आणि ते पांढुरकं पाणी आपल्या चहात ओतायचं. “तेवढंच माझं.”

बाई कागदाकडे बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “मी दुधाची पिशवी विसळते.”

मी पेन खाली ठेवलं. आठवडेच्या आठवडे मी त्यांच्या डोक्यातल्या ‘च’शी वाद घालत होते, खरा ‘च’ आजींच्या स्वयंपाकघरात होता, आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही. माझ्या पठडीची ही खोड मला मान्य आहे : आम्ही चूक आधी विचारात शोधतो. घराण्यातून हाडांबरोबर सवयीही येतात. हाड बदलता येत नाही. पिशवी विसळणं मात्र थांबवता येतं, हे त्या दिवशी त्यांना माझ्या आधी कळलं.

त्यानंतरचं काम सोपं होतं, म्हणून थोडक्यात. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास मिळतं. बाकी दूध, दही, तीळ यांतून भरता येतं. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. सोळाव्या मजल्यावर बंद काचेतून येणाऱ्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यासाठी काच उघडावी लागते किंवा खाली उतरावं लागतं. जिने आणि चालणं हाडांसाठीच आहे. भार पडल्याशिवाय हाड टिकत नाही. आणि मुलीचा मल्लखांब? मुलींच्या हाडांची बहुतेक भरणी विशीच्या आत होते. नेमकी त्याच वर्षांत तिला खुर्चीत बसवायचं, याला जपणं म्हणायचं का, एवढंच मी विचारलं. उत्तर दिलं नाही त्यांनी. पुढच्या सोमवारी मुलगी शिवाजी पार्कला होती.

आजी पडल्या होत्या त्या ओल्या बाथरूममध्ये, साबणाच्या पाण्यावर घसरून. बाईंनी आता तिथे भिंतीला धरायचा दांडा बसवून घेतलाय. परवा फोनवर सांगत होत्या, आजी त्याला अजून धरत नाहीत. टॉवेल मात्र छान वाळतो म्हणे.