डिझायनरकडून थेट खरेदी स्वस्त पडते का?

प्रश्न : एका डिझायनरच्या नव्या कलेक्शनच्या ‘ट्रंक शो’चे, म्हणजे डिझायनर ग्राहकांना थेट कपडे दाखवून ऑर्डर घेतो त्या कार्यक्रमाचे, निमंत्रण मला आले आहे. मधला व्यापारी नसल्याने तेथे कपडे स्वस्त मिळतात का? ऑर्डर देताना काय पाहावे?

उत्तर : स्वस्ताईच्या आशेने जाणार असाल, तर बहुधा हिरमोड होईल. दुकानदार घाऊक दराने घेतलेला कपडा साधारण दुपटीने किंवा त्याहून अधिक किमतीला विकतो, हे खरे. पण तेच कपडे इतर दुकानांतही असतील, तर डिझायनर आपल्या हाताने भाव पाडत नाही, कारण तसे केल्यास दुकानदार पुढच्या हंगामात त्याच्याकडे फिरकणार नाहीत. शिवाय अनेक ट्रंक शो दुकानातच भरतात आणि तेथे दुकानाचा वाटा असतोच.

खरा लाभ निवडीचा आहे. एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रॅम्पवर दिसलेले कपडे पुढच्या वसंतात दुकानात येतात, आणि तेही दुकानांसाठी माल घेणाऱ्या खरेदीदारांनी निवडलेले तेवढेच. बाकीचे कित्येक नमुने कधी शिवलेच जात नाहीत. २०१६ मध्ये बर्बेरी या ब्रिटिश फॅशन कंपनीने रॅम्पवरचा शो संपताच विक्री सुरू करून ही प्रतीक्षा संपवली खरी, पण त्यासाठी मागणीचा अंदाज बांधून माल आधीच तयार ठेवावा लागतो. ट्रंक शोमध्ये याच्या उलट, संपूर्ण कलेक्शन समोर असते, ऑर्डर आधी घेतली जाते आणि शिलाई नंतर होते. बाही लांब करणे किंवा रंग बदलणे शक्य आहे का, हेही तेथेच विचारता येते. माझ्या मते जाण्याचे कारण हेच असावे.

मात्र तेथील नमुना सहसा एकाच मापाचा असतो. तो तुमच्या अंगावर टाचण्या लावून बसवला, तर आरशात छान दिसतो, पण त्यावरून फिटिंग ठरवू नका. माप घेऊन ते ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या. कपडा उलटा करून अस्तर आणि शिवणीत दाबलेले जादा कापड पाहा, कारण पुढे कपडा सैल करायचा झाल्यास तेच कामी येते. आगाऊ रक्कम, कपडा मिळण्याची तारीख आणि फिटिंगच्या दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या. मापाने शिवलेला कपडा बहुतेक डिझायनर परत घेत नाहीत, तेव्हा ही अट पैसे देण्यापूर्वीच विचारा.